गोड वास

विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि हेडमास्तरांनी दहावीचं प्रात्यक्षिक माझ्या गळ्यात घातलं. मी पडलो मराठीचा मास्तर. दोन-चार कादंबऱ्या नावावर असल्या, तरी रसायनशास्त्रातली माझी मजल मॅट्रिकपर्यंतच. "तुम्ही नुसतं उभं राहायचं. मुलं सगळं करतात," हेडमास्तर म्हणाले. उभं राहणं हा तर मास्तरांचा धर्मच!

मुलांनी परीक्षानळीत अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्ल घेतलं, सल्फ्यूरिक आम्लाचे थेंब टाकले आणि नळी गरम पाण्यात धरली. आधी शिरक्याचा उग्र दर्प आला; मग हळूहळू एक गोड वास दरवळला. "सर, नेलपॉलिश!" एक मुलगी ओरडली. मी मात्र खिडकीशी जाऊन उभा राहिलो. तो वास माझ्या अण्णांचा होता.

अण्णा साखर कारखान्याशेजारच्या रसायनांच्या कारखान्यात कामाला होते. जगात बहुतेक अ‍ॅसेटिक आम्ल मिथेनॉलपासून करतात. आमच्याकडे उसाच्या मळीपासून. मळी आंबवून अल्कोहोल काढायचं, त्याचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग आम्ल करायचं, आणि त्या आम्लाची पुन्हा अल्कोहोलशीच गाठ घालायची. त्या जोडीचं नाव एस्टर. हे एस्टर शाईला लागतं, चिकटद्रव्यांना लागतं, औषधांच्या कारखान्यांना लागतं.

पण लहानपणी मला एवढंच ठाऊक होतं, की अण्णा रात्रपाळीहून आले की त्यांच्या सदऱ्याला दारूसारखा गोडसर वास येतो. गल्लीतल्या पोरांनाही ते ठाऊक होतं. "तुझा बाप पिऊन येतो," एकानं सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मी ते खरं मानलं. त्या नरकचतुर्दशीला आईनं मला अण्णांच्या पाठीला तेल चोळायला सांगितलं. "मला अभ्यास आहे," म्हणून मी उठलो. दिवाळीच्या पहाटे अभ्यास! अण्णा काही बोलले नाहीत.

मॅट्रिकच्या वर्षी शाळेत हेच प्रात्यक्षिक झालं. नळी नाकाशी नेली मात्र, माझे कान तापले. संध्याकाळी मी विचारलं, "अण्णा, तुम्ही एस्टर कसं करता हो?"

माणूस असा खुलला! "अरे, आम्ल नि अल्कोहोल जुळताना पाणी सुटतं, आणि तेच पाणी त्यांना पुन्हा फोडतं. म्हणून पाणी काढत राहायचं. सत्तर अंशांच्या आसपास वाफ वर येते. ती निववली की एस्टर तेलासारखं वर तरंगतं, पाणी खाली." मग म्हणाले, "खवट लोण्यातलं आम्ल घे. नाक धरावं लागतं. पण अल्कोहोलशी जोड, की अननसाचा वास!"

पुढच्या दिवाळीला मी आपण होऊन तेलाची वाटी घेऊन त्यांच्या मागे बसलो. मान न वळवता अण्णा म्हणाले, "यंदा अभ्यास झाला वाटतं?"

तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी नुसता तेल चोळत राहिलो.

पुढे केव्हातरी वाचलं, की १८६२ साली बर्थेलो आणि पेआं द सँ-जील या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी हा मामला मोजून पाहिला होता. आम्ल आणि अल्कोहोल समप्रमाणात घेऊन कितीही काळ ठेवा, सुमारे दोन-तृतीयांशच जुळतं. बाकीचं तसंच राहतं. आम्हा बापलेकांचंही तसंच झालं. खूप बोललो, हसलो, भांडलोसुद्धा. तेवढी एक गोष्ट बोलायची राहिली. आता अण्णा नाहीत.

तास संपला. मुलांनी वह्या पुढे केल्या. 'निरीक्षण' या शब्दापुढे प्रत्येकानं लिहिलं होतं : 'गोड वास येतो.'

मी मुकाट्यानं सह्या केल्या.