उंचीचा ताळा

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी विमाने उडू लागली, आणि तेव्हापासून आमच्या नेरुळच्या कट्ट्यावर बाजारभावांच्या जोडीला विमानांच्या वेळाही चर्चेस येऊ लागल्या. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून हा विमानतळ उभा राहिला. सांताक्रूझच्या जुन्या विमानतळापासून त्याचे हवाई अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. भोवताली पारसिकचे डोंगर, कर्नाळा, पलीकडे माथेरान. एवढ्याशा आकाशात दोन विमानतळांची ये-जा चालायची, म्हणजे विमानांना परस्परांपासून दूर ठेवण्याचा बराचसा भार उंचीवर येणार. नकाशावर दोन विमाने एकाच बिंदूत दिसली, तरी त्यांच्यात एक हजार फुटांचे अंतर असेल तर ती सुरक्षित मानतात. हे हजार फूट मोजतो कोण आणि ते खरे कशावरून, हा प्रश्न माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसास पडण्याचे कारण घरातलेच आहे.

माझी पुतणी भौतिकशास्त्राची पदवीधर. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रक पदासाठी तिची निवड झाली. धाकट्या भावाचा वाशीच्या बाजार समितीत धान्याचा गाळा आहे. तीन पिढ्यांचा व्यापार. त्याचे म्हणणे एका वाक्यात मावणारे होते : ‘‘दादा, आमच्याकडे आकडा चुकला तर पोते कमी पडते, तिच्याकडे चुकला तर माणसे जातात.’’ वडीलकीच्या नात्याने निर्णय त्याने माझ्यावर टाकला. आपल्या व्यापारी घरांतून मुलींनी अशा नोकऱ्या धरण्याची रीत अजून फारशी रुळलेली नाही, हे मला ठाऊक होते. पण भावाची भीती रूढीची नव्हती, बापाची होती. तिला उत्तर देणे भाग होते.

मी पुतणीलाच शिकवणी मागितली. ती म्हणाली, ‘‘काका, विमान उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजते.’’ वर जावे तसा दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबाचा हिशेब करून यंत्र फुटांचा आकडा दाखवते. दाबाचे प्रमाण १०१३.२५ हेक्टोपास्कल धरलेले आहे. परंतु आपल्याकडे ऐन पावसाळ्यात तो समुद्रसपाटीलाच १००३ च्या आसपास असतो. खालच्या थरात एका हेक्टोपास्कलला सुमारे २७-२८ फूट. म्हणजे वैमानिकाने यंत्रात स्थानिक दाब भरला नाही, तर विमान प्रत्यक्षात असते त्याहून पावणेतीनशे फूट उंच असल्याचे यंत्र सांगेल. डोंगराजवळ उतरताना पावणेतीनशे फूट ही थोडी रक्कम नव्हे. नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाच्या ठिपक्याशेजारी जी उंची उमटते, ती रडारने मोजलेली नसतेच. विमानातील ट्रान्सपाँडर ती कळवतो. विमान सांगते, नियंत्रक ऐकतो.

१९९६ साली दिल्लीत एवढीही सोय वापरात नव्हती. तेथील प्राथमिक रडारवर विमान कोठे आहे ते दिसे, किती उंच आहे ते दिसत नसे. उंची वैमानिकाच्या तोंडून ऐकावी लागे. १२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सौदी विमान कंपनीचे बोइंग ७४७ दिल्लीहून निघाले आणि कझाकस्तानचे इल्यूशिन ७६ दिल्लीकडे येत होते. दोन्ही एकाच हवाई वाटेवर, समोरासमोर. नियंत्रकाने सौदी विमानास १४,००० आणि कझाक विमानास १५,००० फूट नेमून दिले होते. कझाक विमानाने १५,००० फूट गाठल्याचे कळवले. नियंत्रकाने समोरून येणाऱ्या विमानाची सूचनाही दिली. परंतु ते विमान तेथे थांबले नाही, खालीच येत राहिले. हरियाणातील चरखी दादरीवर दोन्ही विमाने आदळली आणि ३४९ जण मृत्युमुखी पडले. सौदी विमानात आखातात पोटापाण्यासाठी निघालेले आपले कितीतरी देशबांधव होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने दोष कझाक वैमानिकदलावर ठेवला. त्यांचे तोकडे इंग्रजीही त्यात आले. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता, आणि उंचीचे यंत्र त्याच्यासमोर नव्हते. ते त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून पाहावे लागे. रोकड मोजणारा एक आणि नोंद सांगणारा दुसरा, अशी ती व्यवस्था.

त्याआधी ४१ दिवस, २ ऑक्टोबर १९९६ रोजी, पेरू देशात घडलेली घटना मला अधिक अस्वस्थ करते. एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ रात्री लिमाहून सँटियागोकडे उडाले. विमान धुताना, पुसताना दाब घेणारी बारीक छिद्रे चिकटपट्टीने झाकली होती. पट्टी काढायची राहून गेली. वर जाताच उंचीचे आकडे भलतेच दिसू लागले. खाली काळोख, समुद्र. वैमानिकांनी नियंत्रकाला आपली उंची विचारली. त्याने पडद्यावर पाहून प्रामाणिकपणे सांगितले : ९,७०० फूट. विमान तेव्हा पाण्याला टेकण्याच्या बेतात होते. नियंत्रकाच्या पडद्यावरचा आकडा विमानातल्या त्याच बिघडलेल्या यंत्रणेतून आलेला होता. रेडिओलहरींनी जमिनीपासूनचे अंतर मोजणारे दुसरे यंत्र ‘फार खाली आहात’ असे बजावत होते. पण परस्परविरोधी इशाऱ्यांच्या गोंधळात विश्वास कोणावर ठेवावा हे त्या वैमानिकांना कळेना. सत्तर माणसे गेली.

हे वाचताना बँकेतली सारी वर्षे डोळ्यांपुढे आली. ज्या खातेवहीविषयी शंका, तिच्यावरूनच काढलेला उतारा तिच्याशी जुळतो यात नवल काय? तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांच्या हाती, ही पद्धत याचसाठी. भावालाही मी त्याच्याच भाषेत समजावले. एकाच काट्यावर पोते दोनदा चढवले म्हणजे वजन तपासले असे होत नाही. शेजारच्या गाळ्याचा काटा लागतो. नियंत्रकाचे काम या शेजारच्या काट्याचे आहे. विमान पहिल्यांदा संपर्कात आले की वैमानिक उंची बोलतो, नियंत्रक ती पडद्याशी ताडून पाहतो. फरक तीनशे फुटांहून जास्त असेल, तर दाबाची नोंद तपासायला सांगतो. तरीही मेळ बसला नाही तर ट्रान्सपाँडरने उंची पाठवणेच बंद करायला लावतो. हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. कारण विमानांची टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणादेखील याच कळवलेल्या उंचीवर विसंबते, आणि खोटा आकडा तिलाही फसवतो.

चरखी दादरीनंतर ती यंत्रणा आपल्या देशात सक्तीची झाली, दिल्लीत येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, विमानाकडून उंची मागवून घेणारे रडार कामास लागले. मी भावाला म्हटले, ‘‘भीती रास्त आहे. पण तुझी मुलगी आकडा बोलणारी नसून तो ताडून पाहणारी असेल. आणि गाळ्यावर तुझ्या मुनिमाची बेरीज ती दहाव्या वर्षापासून ताडून पाहते आहे.’’ त्यावर तो हसला नाही. रात्रपाळी किती, सलग किती तास बसावे लागते, मध्ये विश्रांती मिळते का, असे व्यवहाराचे प्रश्न त्याने तिला एकामागून एक विचारले. तिने प्रत्येकाचे उत्तर दिले. एकाचे माहीत नव्हते, ते विचारून सांगते म्हणाली. प्रशिक्षणासाठी प्रयागराजला कधी निघायचे, हे त्याने शेवटी विचारले.