दुसऱ्यांच्या सणांची भट्टी

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस जालन्यातल्या मस्तगडच्या बोळांतून डबे निघायचे. एकात रवा-मैदा, दुसऱ्यात पिठीसाखर आणि फडकं बांधलेल्या तिसऱ्यात घरचं तूप. सगळ्यांचा रोख बेकरीकडे. भट्टीवाले चाचा किलोवर मजुरी घेत आणि नानकटाई भाजून देत. मळायला एक माणूस, लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन भट्टीच्या तोंडाशी दुसरा. प्रत्येक घरचं कुणीतरी मोठं माणूस तिथं ठाण मांडून बसे. देखरेख कशाची, तर आपलं तूप आपल्याच पिठात जातंय ना, याची. चाचांना हे पक्कं ठाऊक असे. ते त्या माणसाला आधी चहा पाजत आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत तूप ओतत. पत्रे बाहेर आले आणि नानकटाईच्या माथ्यावर तडे दिसले, की बसलेला माणूस उठून घरी निरोप धाडायचा : जमली.

चाचा मूळचे कुठले, हे कुणी विचारलं नाही. जालन्याचे नसावेत, एवढं बोलण्यावरून कळे. पण मस्तगडात मूळचं कोण, हाही प्रश्नच आहे. ज्या गढीवरून या वस्तीला नाव पडलं, ती 1725 साली निजामुल्मुल्क आसफजाहच्या हुकमानं काबिलखानानं बांधली. राज्य करायला आलेला आणि पाव भाजायला आलेला, दोघंही परगावचेच. फरक इतकाच की पहिल्याचं नाव दगडावर राहतं.

पाव-बिस्किटाचा धंदा आपल्याकडे बहुतेक बाहेरून आलेल्यांनीच केला. मुंबईत गोव्याचे पाववाले, मुंबई-पुण्यात इराणी, अलीकडे गावोगाव अय्यंगार बेकरी. विहिरीत पाव पडला की गाव बाटतं, असं मानणाऱ्या मुलखात हा धंदा इथल्या माणसानं करायचा तरी कसा? शिवाय काम रात्रीचं. गाव घोरत असताना पीठ तिंबायचं आणि गाव जागं होईपर्यंत पाट्या भरून तयार ठेवायच्या. ज्याला शेत नाही, वतन नाही आणि गावकीत बसायला जागा नाही, तोच हे करतो.

अशा माणसांमधला सर्वांत लांबून आलेला मला भेटतो तो कोलकात्यात. नाहूम इस्रायल मोर्दखाय, बगदादचा ज्यू. त्याच्या आधी त्याच वाटेनं कितीतरी जण आले होते. बगदादमध्ये दाऊद पाशाच्या अमदानीत ज्यूंचा छळ वाढला, तेव्हा निघालेले डेव्हिड ससून 1832 साली मुंबईला पोचले. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग, त्यांनीच बांधवलं. ससूनांचा इतिहास लिहिला गेला, कारण त्यात कापूस आहे, अफू आहे, गिरण्या आहेत, देणग्यांच्या पाट्या आहेत. नाहूमनं मात्र कोलकात्यात दारोदार फिरून केक-पेस्ट्री विकली. 1902 हे त्याच्या धंद्याचं पहिलं साल. 1916 साली न्यू मार्केटमध्ये गाळा मिळाला आणि फिरती संपली. खरं सांगायचं तर मला ससूनांपेक्षा हा फेरीवालाच जवळचा वाटतो.

‘नाहूम अँड सन्स’ तेव्हापासून तिथंच आहे. काचेची जुनी कपाटं, सागवानी गल्ला. कपाटांत लेमन टार्ट, चिकन पॅटिस, चीजचे भाजलेले समोसे आणि सुक्या मेव्यानं जड झालेला फ्रूट केक. नाताळच्या आठवड्यात या केकसाठी बाजाराच्या आत रांग लागते. मालक ज्यू, भट्टीवरचे कारागीर बहुतेक मुसलमान, सण ख्रिस्त्यांचा आणि रांगेत निम्म्याहून जास्त बंगाली हिंदू. यावर ‘सलोख्याचं प्रतीक’ वगैरे लिहायचा मोह लेखकांना आवरत नाही. मला त्यात गल्ल्यावरच्या माणसावर अन्याय झालेला दिसतो. सलोखा घ्यायला कुणी रांगेत उभं राहत नाही हो. केक गेल्या वर्षीसारखाच लागेल, या खात्रीपायी माणसं उभी राहतात, आणि ती खात्री शंभर वर्षं टिकवणं हे फार कष्टाचं काम आहे.

तेही आपली माणसं एकेक करून उठून जात असताना. गेल्या शतकाच्या चाळिशीत कोलकात्यात चार-पाच हजार ज्यू होते. फाळणी झाली, इस्रायल झालं आणि घरंच्या घरं लंडनला, ऑस्ट्रेलियाला, इस्रायलला गेली. नाहूम घराण्यातले डेव्हिड नाहूम राहिले. म्हातारपणीही दुकानात येऊन बसत. मार्च 2013 मध्ये वयाच्या 86 व्या वर्षी ते गेले. तोवर शहरात ज्यू बोटांवर मोजण्याइतके उरले होते. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढे जमवणं कठीण होऊन बसलं. सिनेगॉगची देखभाल मुसलमान कुटुंबं करतात, ज्यू मुलींच्या शाळेत बहुतेक मुली मुसलमान आहेत. दहा माणसं जमत नाहीत त्या शहरात याच समाजातल्या एका माणसाच्या दुकानासमोर डिसेंबरात उभं राहायला जागा नसते.

आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यू या बगदादी मंडळींहून वेगळे. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडत, म्हणून शनवार तेली. पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे. त्यांना कुणी परका म्हटलं नाही. परके ते इस्रायलला गेल्यावर झाले. तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या ज्यूपणावरच शंका काढली. त्यांना उपोषणं-निदर्शनं करावी लागली, तेव्हा 1964 साली सरकारनं ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य केलं. आज इस्रायलमधल्या डिमोनात भारतीय मसाल्यांची आणि मिठाईची दुकानं आहेत. म्हणजे परक्या गावात खाण्याचं दुकान थाटायची पाळी त्यांच्यावरही आलीच.

नाहूमचं दुकान चालू आहे. शुक्रवारच्या रात्रीसाठी ज्यू घरांत लागणारा ‘हल्ला’ हा वेणीच्या पेडांसारखा विणलेला पाव तिथं मिळत आला आहे. तो घेणारं ज्यू घर आता शहरात शोधावं लागेल. तेव्हा बहुतेक तो दुसऱ्यांच्याच चहात बुडत असणार. चहात तो चांगलाच लागत असेल.