सेल्फच्या आवाजावरून

शिमला ऑफिसच्या, म्हणजे पुण्याच्या हवामान खात्याच्या, दप्तरी पुण्याच्या तापमानाचा नीचांक आहे १.७ अंशांचा, १७ जानेवारी १९३५ चा. तो आमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. पण आमच्या लहानपणीही जानेवारीत पारा सात-आठ अंशांवर उतरणं नवलाचं नव्हतं, आणि आमच्या कसबा पेठेत थंडीच्या जोडीला मुठा नदीचा ओलावा असायचा. पहाटे कुंभारवेशीकडून धुकं वर यायचं, वाड्यांच्या दिंडीदरवाजांवर दव धरायचं. अशा सकाळी आळीत पहिला आवाज दूधवाल्याच्या सायकलचा आणि दुसरा किकचा. एक किक, दोन किक, मग थोडी शांतता, मग पुन्हा किक. कुणाची स्कूटर रुसली आहे हे पांघरुणातूनच कळायचं.

चेतक स्कूटर १९७२ साली आकुर्डीतून बाहेर पडली आणि तिचा नंबर लागायला लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्यामुळे ती सकाळी सुरू झाली नाही तरी तिच्यावर कुणी चिडत नसे. आधी सीटखालचा पेट्रोलचा कॉक उघडा आहे का ते बघायचं, मग चोक ओढायचा, मग गाडी एका अंगाला तिरकी करून क्षणभर धरायची. पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ओघळावं म्हणून हे करायचं, असं वडीलधारी सांगत. फार किका मारल्या की ‘ओव्हर’ व्हायची. मग प्लग काढायचा, ओला झालेला पुसायचा, काजळी पॉलिश पेपरने घासायची. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलातच ऑइल, त्यामुळे प्लग काळा पडणं रोजचंच. डिकीत प्लगपाना आणि एक जुना, साफ केलेला प्लग नाही असा स्कूटरवाला मला आठवत नाही. नवा प्लग नाना पेठेत मिळायचा, आणि जुना, पण चालणारा, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात.

चारचाकी मात्र आमच्या आळीत एकच, डॉक्टरांची फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. डॉक्टर रात्री-अपरात्री व्हिजिटला जात, त्यामुळे ती गाडी सुरू होते की नाही याची काळजी सगळ्या आळीला असायची. किल्ली फिरली की खिडक्या उघडायच्या आणि आवाजावरून निदान सुरू व्हायचं.

‘कट्’ असा एकच आवाज येऊन सगळं थंड पडलं, तर बॅटरीचं टर्मिनल सैल, नाहीतर त्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली. त्यावर गरम पाणी ओतायचं, घासून पुसायचं, घट्ट आवळून व्हॅसलीन लावायचं. ‘कटकटकट’ अशी घाई ऐकू आली तर बॅटरीच उतरलेली. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, जड, ओढत ओढत फिरतो आहे, तर बॅटरी अर्धी आणि ऑइल दाट. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि नेमकं त्याच वेळी दाट झालेल्या ऑइलमधून इंजिन फिरवायला तिला जास्त जोर लावावा लागतो. बॅटरीची अशी दोन्हीकडून कोंडी होते, म्हणून उन्हाळाभर मुकाट चाललेली बॅटरी थंडीच्या पहिल्या आठवड्यात माघार घेते.

पण सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन ‘पकडत’ नाही, तेव्हा खरी परीक्षा. मग प्रश्न दोनच उरायचे: पेट्रोल येतंय का, आणि करंट येतोय का. पहिल्याचं उत्तर नाक द्यायचं. सायलेन्सरपाशी कच्च्या पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल पोचतंय, करंट बघा. वास नाही, तर पंपाचा पडदा फाटला असेल किंवा जेटमध्ये कचरा अडकला असेल. एकदाच भुर्र होऊन बंद पडली, तर चोक अजून ओढा. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब थेंब होऊन ते भिंतींना चिकटतं. एरवी एक भाग पेट्रोलला वजनाने पंधराएक भाग हवा पुरते. थंडीत हवा अडवून मिश्रण घट्ट करावं लागतं. चोकचं काम तेवढंच.

त्या फियाटचं दुखणं बहुतेक वेळा करंटचं असे, आणि त्याचं कारण मुठेत. ते ओळखणारे होते तांबट आळीतले एक अण्णा. दिवसभर तांब्याच्या पत्र्यावर हातोडी चालवणारा माणूस, गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती. पण ठोका कुठे बसला आणि पत्रा कुठे पातळ झाला हे आवाजावरून ओळखणारा त्यांचा कान इंजिनालाही लागू पडायचा. “थांबा डॉक्टर, आता मारू नका, बॅटरी उतरेल,” म्हणत ते बॉनेट उघडायचे. डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या कॅपमधून चार प्लगना चार वायरी जातात. त्यांची अदलाबदल झाली तर इंजिन खोकतं, म्हणून आधी प्रत्येक वायरीवर खडूने एक, दोन, तीन, चार रेघा. मग दोन क्लिपा सोडवून कॅप हातात. आत दवाचे बारीक थेंब. करंटला प्लगपर्यंत जायच्या ऐवजी त्या ओलीतून पळायला वाट मिळायची. अण्णा कॅप धोतराच्या जुन्या तुकड्याने आतून पुसत, आपल्या भट्टीच्या ऊबेला लांबूनच धरत, पॉइंटची फट पत्त्याच्या कॅटातल्या पानाने चाचपत. कॅप बसली की, “हं, मारा आता एकदा.” आणि गाडी धरायची. डॉक्टर निघून गेले की माणसं चहाला पांगायची, आणि आम्हा पोरांना न शिकवताच एक धडा मिळालेला असायचा.

तेवढ्यानेही जमलं नाही तर धक्का. दुसऱ्या गिअरात टाकून, क्लच दाबून, नदीकडच्या उताराला सगळी आळी मागे लागायची. मंडईच्या वाटेवरच्या मॅटाडोर टेम्पोचं तंत्र निराळं, डिझेलचं. त्याला आधी ‘हीटर’ लावायचा, आतली तार तापू द्यायची आणि मगच सेल्फ.

आता कसब्यात फडके हौदाशी जमिनीखाली मेट्रो थांबते. २९ सप्टेंबर २०२४ ला ते स्टेशन सुरू झालं आणि आमच्या सोसायटीतल्या कितीतरी गाड्या आठवडा-आठवडा जागच्या हलेनाशा झाल्या. या आताच्या, पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांना चोक नाही, पॉइंट नाही, कॅप नाही. इंजिन किती गार आहे हे सेन्सर सांगतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते कंप्युटर ठरवतो. सात अंशांतही पहिल्या फेरीत सुरू. डॉक्टरांची वाट बघणाऱ्या पेशंटच्या बाजूने विचार केला तर मला हीच गाडी हवी, यात शंका नाही. पहाटे एकटीने विमानतळाला निघालेल्या मुलीलाही हीच हवी.

पण ही गाडी अडते तेव्हा एकटीच अडते. उभ्या गाडीतही अलार्म आणि कंप्युटर बॅटरीतून थेंब थेंब घेत राहतात, आणि एका गार सकाळी बटण दाबलं की पडद्यावर नुसते दिवे लागतात. माणूस फोन काढून हेल्पलाइन लावतो आणि गाडीत बसून राहतो. बाजूने जाणारे थांबत नाहीत, कारण सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ऐकण्यासारखं अजूनही बरंच आहे.

गेल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या मुलाची गाडी अशीच धरेना. सेल्फ खणखणीत फिरत होता. बॅटरीला मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मी त्याला म्हटलं, “पंखा, रेडिओ, सगळं बंद कर, मागच्या सीटवर बस आणि कान दे. मी नुसती किल्ली ऑन करतो, सेल्फ मारत नाही.” पेट्रोलचा पंप टाकीत असतो आणि किल्ली ऑन झाली की दोन-तीन सेकंद गुणगुणतो. मी किल्ली फिरवली. “काका, काहीच येत नाही हो आवाज.” पुन्हा फिरवली, तरी नाही. मग फ्यूजच्या डब्यातला पंपाचा रिले काढून त्याच्या जागी शेजारचा, तशाच नंबरचा हॉर्नचा रिले बसवला. “आला! आला काका!” मागून तो ओरडला. गाडी सुरू झाली. नवा रिले आणायला आम्ही दोघं नाना पेठेत गेलो, हॉर्नशिवाय.