मित्राची एक फेरी

उन्हाळ्याच्या रात्री दक्षिण क्षितिजालगत एक ठळक तारा दिसतो. आपल्याकडे त्याला मित्र म्हणतात, एरवी अल्फा सेंटॉरी. नुसत्या डोळ्यांना एक. प्रत्यक्षात दोन सूर्य, एकमेकांभोवती फिरणारे. हे पहिल्यांदा दिसलं ते भारतातूनच. डिसेंबर १६८९ मध्ये पुदुच्चेरीला जाँ रिशो हा जेझुइट पाद्री दुर्बिणीतून धूमकेतू बघत होता, तेव्हा त्याला मित्र जोडीनं दिसला. त्याच वर्षाच्या अखेरीस राजाराम महाराज तिथून जवळच, जिंजीला पोचले होते. शाळेत आम्हाला फक्त जिंजी शिकवली.

मी पुण्यात कोड लिहितो. माझी दुर्बीण साधी, ११४ मिलिमीटरची. पुण्यातून मित्र जेमतेम दहा-अकरा अंश वर येतो, आणि तेवढ्यात माझ्यासमोर शेजारची सोसायटी येते. म्हणून गेल्या मे महिन्यात दुर्बीण घेऊन आजोबांकडे देवगडला गेलो.

आजोबांना ऐंशी पूर्ण झाली होती. घरात सहस्रचंद्रदर्शनाची बोलणी चालू होती. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. "एकटा पाटावर बसून काय करू?" एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला.

रात्री साडेअकराला आम्ही सड्यावर. इतक्या खालचा तारा जाड हवेतून दिसतो, त्यामुळे ९० पट मोठा केल्यावर तो नुसता उकळत होता. मग क्षणभर हवा थांबली. एक पिवळा ठिपका, आणि त्याला खेटून दुसरा, मंद, किंचित नारिंगी.

आजोबांनी चष्मा काढून मोतीबिंदू काढलेला डोळा लावला. बराच वेळ गप्प.

"दोन आहेत."

मी सांगितलं, एक फेरी साधारण ८० वर्षांची. कधी सूर्य-शनीपेक्षा थोडं जास्त अंतर, कधी नेपच्यूनच्याही पलीकडे जाईल एवढं. सगळ्यात जवळ १९५५ मध्ये आले होते, आता २०३५ मध्ये येतील.

आजोबा गणिताचे मास्तर. "म्हणजे मी जन्मलो तेव्हा हे दोघे असेच होते."

"साधारण."

"आणि पंचावन्न साली जवळ. मी दहा वर्षांचा." थोडं थांबून म्हणाले, "तुझी आजी पाच. कुठल्या गावात, मला पत्ताही नव्हता." आणि परत डोळा लावला.

सोहळा झाला नाही. पण घरी कुणी विचारलं की ते सांगतात, मित्राची एक फेरी पुरी झाली. पुढची पुरी होईल तेव्हा मी १०८ वर्षांचा असेन, हा हिशेबही त्यांनीच करून दिला.

२०३५ मात्र दोघांनाही जमण्यासारखं आहे. दुर्बीण देवगडलाच ठेवून आलोय.