भाट्याची वाळू आणि साडेपाच मिनिटं

भाचा आमच्याकडे रत्नागिरीला राहायला आला तो अग्निवीर भरतीची तयारी करायला. पहाटे पाचला उठून भाट्याच्या वाळूत पळायचा. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत... तेवढ्यात आलं की 60 पैकी 60 गुण. दहा पुलअप्सचे आणखी 40. शिवाय नऊ फुटांचा खंदक आणि झिगझॅग बॅलन्स, त्यात नुसतं पास व्हायचं.

मी घड्याळ घेऊन सुरूच्या बनाजवळ उभा. वेळ जास्त लागला की म्हणायचो, "उद्या अजून दोन फेऱ्या मार!"

तिसऱ्या आठवड्यात तो लंगडताना दिसला.

"काही नाही मामा, नडगी जरा दुखतेय."

जरा कसली, आठ दिवस दुखत होती. मी रागवेन म्हणून बोलला नव्हता. हाडाला बारीक तडा गेलाय, दीड महिना पळणं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईला फोन करताना माझी जीभ अडखळत होती.

मग अपराधीपणापोटी वाचत बसलो. क्रिमियाच्या युद्धात (1853-56) ब्रिटिश सैन्यात लढाईपेक्षा रोगराईने जास्त माणसं मेली. शिपायाची तब्येत ही लढाईइतकीच मोठी गोष्ट आहे हे तेव्हा सरकारला उमगलं. 1860 साली लष्कराने बारा जण ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅक्लारेन यांच्या व्यायामशाळेत शिकायला पाठवले. हेच पुढे सैन्याचे व्यायामशिक्षक झाले. मॅक्लारेननी काय केलं, तर आधी प्रत्येकाचं वजन, छाती, दंड मोजून लिहून ठेवलं. बाराही जण वयाने, अंगाने वेगवेगळे. ज्याची जेवढी ताकद तेवढाच व्यायाम, आणि तो हळूहळू वाढवायचा, हा त्यांचा आग्रह.

आता गंमत बघा, आपल्या तालमीतले वस्ताद तरी वेगळं काय करतात? नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर जोर मारायला लावत नाहीत. एवढं साधं मला कळू नये? मोजत मीही होतोच की. पण फक्त मिनिटं मोजत होतो, पोराकडे बघत नव्हतो.

असो. आता भाचा पुन्हा पळतोय, ओल्या घट्ट वाळूवर, एक दिवसाआड. वही केलीय. काल सहा मिनिटं दहा सेकंद लागली. साडेपाच अजून लांब आहेत आणि भरतीच्या वयाची अट काही थांबत नाही, ही धाकधूक दोघांनाही आहे. पण वहीत पहिला रकाना आहे "दुखतंय का?" तो भरल्याशिवाय मी घड्याळ काढत नाही.