ड्यूईचे पाय

आज ड्यूईच्या मॉडेलच्या धडाच्या बाजू जोडून झाल्या. १९७२च्या ‘सायलेंट रनिंग’ या चित्रपटातला हा बुटका यंत्रमानव. त्याला चेहरा नाही, वाचा नाही. तरी तो झाडांना पाणी घालू लागला की माझा जीव गलबलतो.

पॉलिस्टायरीनची शीट आरपार कापायची नसते. पोलादी पट्टी धरून कटरने हलकी रेघ ओढायची आणि वाकवायची, टक्कन सरळ मोडते. सांध्यावर ब्रशने सॉल्व्हंटचा थेंब टेकवला की तो आपणहून फटीत धावतो, दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. बंद खोक्याला कुठेतरी छोटं भोक मात्र हवंच. नाहीतर आत कोंडलेली वाफ पुढे भिंती वाकवते.

पायांपाशी मी फार रेंगाळतोय. दिग्दर्शक डग्लस ट्रम्बल यांनी यंत्रमानवांच्या सांगाड्यांत दोन्ही पाय नसलेले कलाकार घेतले आणि ते हातांवर चालले. पडद्यावरचं ते डुलणं म्हणजे तळव्यांवर तोललेलं माणसाचं वजन. म्हणून पायाचा कोन ठरवताना मी बिजागरीचा नाही, मनगटाचा विचार करतो. स्वतःचा हात टेबलावर टेकवून, भार देऊन बघतो. अंगठ्याच्या बाजूला किंचित कल येतो, तोच हवाय. विज्ञानपटांतल्या यंत्रमानवांत इतकं जिवंत चालणं मला दुसरं दिसलेलं नाही.

उद्या पावलं कापेन. त्याआधी तळपट्टीवर त्या कलाकारांची नावं कोरायची आहेत: मार्क पर्सन्स, शेरिल स्पार्क्स, स्टीव्हन ब्राउन, लॅरी व्हिसेनहंट.