रस्त्यासकट हिशेब

सरकारी कार्यक्रमात एखादं वैद्यकीय तंत्रज्ञान घ्यावं की नाही, याचा हिशेब मांडणं हे माझं काम. नव्या साधनावर जादा खर्च किती आणि त्यातून निरोगी आयुष्याची वर्षं किती पदरात पडतात, हे पाहायचं. एका वर्षामागचा खर्च देशाच्या दरडोई उत्पादनाच्या आत बसला, तर ते साधन परवडणारं धरतात. ही रीत मला मनापासून पटते. पैसा लोकांचा आहे आणि तो कायम अपुराच पडतो.

पण जव्हार तालुक्यातल्या जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हा हिशेब अपुरा ठरतो.

बाळंतिणीच्या रक्तस्रावाचंच बघा. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आकसली नाही की रक्त वाहतच राहतं. औषधांनी थांबलं नाही, तर पिशवीत फुगा भरून आतून दाब देतात. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी त्यासाठी साधा निरोध वापरला. लघवीच्या नळीच्या टोकाला तो दोऱ्याने घट्ट बांधायचा, आत सारायचा आणि सलाइनने फुगवायचा. याच कल्पनेवरचा तयार संच निघाला, सिलिकॉनचा महागडा फुगाही आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने सरकारी दवाखान्यांसाठी अशा फुग्यांच्या खर्च-परिणामाचा अभ्यास केला.

जागतिक आरोग्य संघटनेने मात्र 2021 मध्ये अट घातली: फुगा वापरायचा तिथे गरज पडताच शस्त्रक्रिया आणि रक्त मिळालं पाहिजे. आफ्रिकेतल्या चाचण्यांत निरोधाच्या फुग्याने अपेक्षित फायदा दिसला नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्रात शस्त्रक्रिया आणि रक्त या दोन्ही गोष्टी नसतात. जामसरहून जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय गाठायचं, तिथेही भागलं नाही तर नाशिक. पाड्यावरून तर आधी डांबरी रस्त्यापर्यंतच पोचायचं असतं. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्यातल्या मरकटवाडीत घरीच अवेळी जन्मलेली जुळी दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या आईला डोलीतून सुमारे 3 किलोमीटर न्यावं लागलं.

म्हणून माझा आग्रह आहे, फुगा जव्हारला द्या आणि जामसरला आधी अँटी-शॉक पोशाख. निओप्रीनचे पट्टे घोट्यापासून वर पोटापर्यंत आवळत चिकटवायचे. पायांतलं रक्त हृदयाकडे, मेंदूकडे वळतं आणि वाटेतला वेळ मिळतो. सिस्टर तो काही मिनिटांत चढवू शकते, नंतर धुऊन पुन्हा वापरता येतो. यालाही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, पुढचे उपचार मिळेपर्यंतचा आधार म्हणून.

पोशाख बाईच्या अंगावरच पुढे जातो आणि ती सावरल्यावरच, घोट्याकडून सुरुवात करत, हळूहळू काढतात. गाडी तोवर थांबत नाही. त्याच रात्री जामसरला दुसरी बाळंतीण आली तर? म्हणून गाडी परतताना मोठ्या रुग्णालयाने बदली धुतलेला पोशाख तिच्यात ठेवायला हवा. ही अदलाबदल, जादा पोशाख आणि धुलाई यांचा खर्च खरेदीच्या प्रस्तावात पहिल्यापासून मांडला पाहिजे.